चार नंबरचे आठ जण

दवाखान्याच्या तळघरात बसून नावांची डोकी आणि शेपट्या छाटायच्या, हे त्याचं काम. संगणकातल्या प्रत्येक एक्स-रेच्या नंबराला कुणीतरी पुढे ‘१०-’ लावलेलं, मागे ‘-जुना’ चिकटवलेलं. मधला नंबर ठेवायचा, बाकी काढायचं. सगळे त्याला कात्रीबुवा म्हणत. डोक्यावर केस उरले नव्हते. रक्ततपासणीवाली बाई म्हणायची, “दुसऱ्यांचं छाटता छाटता स्वतःचं गेलं हो!” तोही हसायचा.

त्याचा एक नेम होता. छाटणी झाली तरी मूळ फोटो महिनाभर ठेवायचे. पण त्या दिवशी साहेब डोक्यावर येऊन उभे राहिले. “जागा संपलीये. जुनं आजच पुसा.” नऊ हजार फोटो होते. त्याने संगणकासाठी हुकूम लिहिला, पुढचं ‘१०-’ काढ. दहा नंबरांवर चालवून पाहिला, दहाही बरोबर. मग सगळ्यांवर सोडला, मूळ पुसलं आणि घरी गेला.

त्याला ताईने वाढवलेलं. सहा वर्षांपूर्वी इथल्याच एक्स-रेत तिच्या छातीत डाग दिसला होता. आता तो पुन्हा दिसला. डॉक्टर म्हणाले, “जुना फोटो आणा. डाग तेवढाच असेल तर हात लावणार नाही. फोटोच नसेल, तर मात्र उघडून बघावं लागेल.”

“घरचाच कारखाना आहे,” ताई म्हणाली. “भाऊ काढून देईल चुटकीसरशी.”

तिच्या कार्डावर नंबर होता १००४. त्याने टाकला. नाही. पुन्हा टाकला. नाही. मग त्याने आपला हुकूम उघडून वाचला आणि नुसता ४ टाकला. कुणाचा तरी मोडका गुडघा उघडला.

हुकुमाला ‘१०-’ हा अख्खा तुकडा कळलाच नव्हता. एक, शून्य, आडवी रेघ, यांतलं जे पुढे दिसेल ते तो सोलत सुटला होता, दुसरं काही आडवं येईपर्यंत. तपासलेले दहाही नंबर पाच-सातने सुरू होणारे, म्हणून चूक दिसली नाही. ०००४, ००१४, १००४, असे आठ नंबर सोलून एकच ४ झाले आणि नवा फोटो जुन्यावर बसत गेला. शेवटचा तेवढा राहिला. फिल्मा केव्हाच भंगारात गेलेल्या.

ताई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“सापडला?”

“नाही. मीच घालवला.”

त्याने बोटांवर समजावलं. लहानपणी तो पाढे म्हणायचा तेव्हा ऐकायची, तशी ती ऐकत राहिली.

“म्हणजे माझ्यासारखे आठ?”

“चारचे आठ. पाचचे आठ. सहाचे...”

“पुरे कर, गाढवा. सही कुठे करायची ते सांग.” तिने ऑपरेशनच्या कागदावर सही केली. पेन परत देत ती म्हणाली, “मला तू सांगितलंस. त्यांना कोण सांगणार?”

तो साहेबांकडे गेला.

“अजून कुणी विचारलंय?” साहेब म्हणाले.

“नाही.”

“मग कशाला खाजवून खरूज काढता?”

तिसऱ्या दिवशी ताईला आत नेलं. दाराबाहेरच्या बाकावर बसून तो कळवायच्या लोकांची हाताने यादी करत होता: ०००४, ००१४, ०१०४, ०११४. १००४ पाशी पेन थांबलं. दारावरचा लाल दिवा अजून पेटलेलाच होता. त्याने तो नंबर पूर्ण लिहिला, पुढच्या ‘१०-’ सकट, आणि खालचा नंबर लिहायला घेतला.