एका नावाच्या दोघी

माझी मुलगी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. त्यात क्लास म्हणजे घर आणि मेथड म्हणजे नावानं हाक मारली की काम करणारं घरातलं माणूस, असं मी समजते. परवा ती हाताखालच्या कोणाला तरी फोनवर झापत होती. "दुसऱ्याच्या तयार क्लासवरून आपला क्लास काढतेस ना? मग आपल्या खासगी मेथडच्या नावापुढे आपली खूण लाव. वरच्या क्लासनं त्याच नावाची मेथड आत दडवलेली असते, तुला दिसत नाही. मग तिला मारलेल्या हाकेला तुझी मेथड ओ देते आणि सगळं बोंबलतं." एवढं सांगायचा तिला पगार मिळतो. मी हे अकोल्याला सासरी शिकले, साठ सालाच्या आसपास, आणि फुकट.

माझं माहेर अमरावतीचं, राजापेठेतलं. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी माझं नाव आधी तपासून घेतलं. सासू, जावा, नणंदा, कोणाचंच ते नव्हतं. असतं तर बदललं असतं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं, जुन्याचं पुढे काय होतं ते कोणी विचारायचं नाही. माझं वाचलं. "आमी सुधारलेले आहो," सासरे म्हणाले.

घरात दिवसभर माझ्या नावानं हाका. सुनेला हाक मारायला कारण लागत नाही. सासूबाईंना मात्र कोणी नावानं बोलावत नसे. मुलांची आई, शेजारणींची मोठी बाई आणि सासऱ्यांचं "आयकलं का". एक गोष्ट मला खटकायची. माझ्या नावाची हाक आली की सासूबाईंचा हात थांबायचा. भाकर तव्यावर, हात तसाच वर. मला वाटायचं, सून किती वेळात उठते ते बघताहेत. सासूबद्दल बरं मनात यायला सुनेला वेळ लागतो.

वर्ष उलटायच्या आत वलगावहून, सासूबाईंच्या माहेरहून, त्यांचे थोरले भाऊ मुलीच्या लग्नाचं आवतण घेऊन आले. आमच्या लग्नात ते तापानं पडून होते, तेव्हा मी त्यांना नवीच. दारात चपला काढता काढता त्यांनी चक्क माझ्या नावानं हाक मारली, वर "कुठी हायेस वं?" मी "जी" म्हणत पदर सावरून पुढे गेले. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मागे सासूबाई उभ्या होत्या, पिठानं भरलेल्या हातांनी, आणि त्यांनीही ओ दिली होती.

माझं नाव त्यांचं माहेरचं नाव होतं. लग्नात ते सासऱ्यांनीच बदललं होतं, आणि इतकं चोख बदललं की पुढे स्वतःही विसरले.

आता आठवलं, आणि जेवणाआधीच सुधारणा संपली. "सासूचं नाव सुनंले? लोक काय म्हनतीन? बदलून टाका," म्हणाले. तांदळाचं ताट आणायला सांगितलं. मला रडू आलं, तेही रागानं. आईबापानं दिलेलं तेवढं एकच मी अकोल्याला धड आणलं होतं. नवरा खाली मान घालून चटईची काडी मोडत बसला. त्याच्याकडून माझी फार अपेक्षाही नव्हती.

ताट सासूबाईंनी आणलं. त्यात भावाचं जेवण होतं.

"नाव कोनाचंच बदलनार नाही," त्या म्हणाल्या. "इले राजापेठची म्हना, मले वलगावची. आन् पुढं नाव घ्या."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?" सासरे चिडले.

त्यांनी भावाला भाकर वाढली. "हाक इले असे. पन नाव माह्या कानावर पडे. मले बरं वाटे."

माझी 'राजापेठची' दुसऱ्या दिवशीच रूढ झाली. 'वलगावची' म्हणायला मात्र कोणाची जीभ वळेना. मग एका दुपारी बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचं "आयकलं का" आलं. ते थांबले, खाकरले, आणि म्हणाले "वलगावची", आणि पुढे ते नाव.

सासूबाई चुलीपाशीच होत्या. त्यांनी ओ दिली नाही. मी उठायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. त्यांना ती हाक पुन्हा ऐकायची होती.