महाराजांचा उजवा हात

चाकणच्या आमच्या कंपनीत पहिली शिफ्ट सुरू होताना लाइनवरचा प्रत्येक माणूस प्रत्येकाशी हात मिळवायचा. हा नियम कुणी केला, देव जाणे. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी सकाळी हात पुढे यायचाच. माझ्या शेजारी तिथल्याच गावचा एक गडी कामाला होता. तो हात मिळवायचा कसला, पिळायचा. बोटं कडकड वाजली की म्हणायचा, "काय राव, रात्री भाकर खाल्ली न्हाई का?" रोज तेच. मी रोज वैतागायचो आणि रोज हसायचो.

बायको-मुलं लातूरकडे गावी, मी काळेवाडीत एका खोलीत एकटा. कंपनीच्या बसमध्ये सगळे झोपलेले, खोलीवर आलो की मोबाइल. दिवसभरात माणसाचा स्पर्श व्हायचा तो त्या हात मिळवण्यातच. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग चिकुनगुनिया झाला. ताप आठवड्यात उतरला, पण सांध्यांत मुक्काम ठेवून गेला. सकाळी बोटं सुजून लाकडासारखी व्हायची. पेस्टचं झाकण उघडेना, दुधाची पिशवी दातांनी फाडायची. कामावर पहिले दोन तास बोल्ट आवळायची गन डाव्या हाताने रेटायचो, मग सांधे जरा सैल व्हायचे. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "ताप गेला तरी सांधे काही महिने कुरकुरणार. कोमट पाण्यात मूठ उघडझाप करत जा." त्यांना बोलायला काय जातंय!

कामावर सांगायची सोयच नव्हती. मी ठेकेदाराचा माणूस. हाताला पकड राहिली नाही हे सुपरवायझरच्या कानावर गेलं असतं, तर मला गेटवरूनच परत पाठवलं असतं. आजारपणानंतरच्या पहिल्या सकाळी गड्याने नेहमीसारखा हात पिळला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी ओठ चावून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तो समोर येताना दिसला तसे मी लांबूनच दोन्ही हात जोडले.

तो बघतच राहिला. "आयला, बैठकीला जायला लागला का काय?"

सत्संगाच्या बैठकीला जाऊन पान-तंबाखू, मटण-अंडी सोडलेली काही माणसं आमच्या कंपनीत होती. त्यांना कुणी छेडत नसे. मला आयतंच कारण मिळालं. म्हणालो, "हो."

दुपारच्या जेवणापर्यंत मी महाराज झालो. सुरुवातीला गंमत वाटली. मग डब्यातली अंडाभुर्जी माझ्यापुढून गपचूप पलीकडे सरकायला लागली. मी जवळ गेलो की चावट गप्पा थांबायच्या. जो गडी मला शिवीशिवाय हाक मारत नव्हता, तो "या, बसा" म्हणायला लागला. एकदा हो म्हणून बसल्यावर माघार तरी कशी घ्यायची? आणि रागवायचं कुणावर? सगळे मानच देत होते. मला त्या मानाचा वीट आला.

संध्याकाळी बादलीत कोमट पाणी घेऊन मी मूठ उघडायचो, मिटायचो. कधी उजव्या हाताने स्वतःचाच डावा हात दाबून बघायचो. फार एकटं वाटायचं. बायकोला फोनवर म्हणायचो, सगळं ठीक आहे.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी पेस्टचं झाकण सहज उघडलं. मी वेड्यासारखं ते परत लावलं, परत उघडलं. बसमध्ये अख्खी वाट मूठ आवळत होतो. लाइनवर गडी नुकताच येऊन उभा होता. सरळ त्याच्यासमोर जाऊन मी हात पुढे केला. पीळ बाबा, आज वाट्टेल तेवढा पीळ, असं मनात म्हणत होतो.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गडबडीने स्वतःचा तळवा पँटला पुसला. पण पुढे केला नाही. दोन्ही हात जोडून म्हणाला, "नगं महाराज. गेटवर आत्ताच तंबाखू मळलीय, हात खराब हाय."

आणि वळून त्याने पलीकडच्याचा हात असा पिळला की तो ओरडलाच. सगळे हसले. माझा हात तसाच पुढे होता. जराही दुखत नव्हता.