आतोबांचं तीन पायांचं टेबल

जगात जे हलू नये ते सगळं हलतं आणि ते थांबवण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, असं मनापासून मानणारा एकच महापुरुष मी पाहिला. ते म्हणजे माझे आतोबा. विद्यापीठात शिकायला म्हणून मी काशीला त्यांच्या दुर्गाघाटावरच्या घरी राहिलो, तेव्हा ते रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. हात मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हते. पंगतीत बसण्याआधी ते पाटाचे चारी कोपरे दाबून बघत. खिशात घड्या घातलेली जुनी पोस्टकार्डं असत. कुणाकडेही गेले, की चहा येईपर्यंत त्या घरातली एखादी खुर्ची नाहीतर कपाट पोस्टकार्डावर स्थिर झालेलं असे. एकदा गंगेपलीकडून नावेतून येताना ते मल्लाहाला म्हणाले, "भैया, नाव बहुत डोल रही है." तो म्हणाला, "गंगाजी हैं बाबू, डोलेंगी नहीं?" पुढे घाट येईपर्यंत आतोबा नावेच्या फळ्या दाबून बघत होते. ते त्यावर उपाय शोधत असावेत, अशी माझी अजून समजूत आहे.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास आत्याचे गुडघे गेले आणि शिवणाचं पायमशीन सुटलं. आतोबांनी मशीन काढून जेवणाच्या टेबलावर बसवलं आणि त्याला मोटर लावली. मोटर सुरू झाली की मशीन चालायला लागे, म्हणजे खरोखरच चालायला लागे. एक बाही शिवून होईतो ते टेबलाच्या कडेला पोचलेलं असे आणि आत्या एका हातात कापड, दुसऱ्या हातात मशीनची मान धरून बसलेली असे. गल्लीतल्या तमाम मराठी बायकांचे ब्लाउज तीस वर्षं तिनेच शिवले होते. एक दिवस ती म्हणाली, "जाऊ द्या हो. शिवणं बंदच करते आता." ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की आतोबांचा चेहराच उतरला.

पुढचे पंधरा दिवस मी जे पाहिलं त्याला तपश्चर्या हाच शब्द आहे. त्यांनी मशीनचा एकेक स्क्रू आवळला, तेलपाणी केलं, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि त्यांच्याखाली घोंगडीची घडी घातली. टेबलाच्या खालच्या फळीवर वजनाला पाटा ठेवला. तेव्हापासून घरातली चटणी बंद झाली. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की दगडी फरशीच उंचसखल आहे. त्यांनी करवत घेतली. "चारांत एकाचं तरी कायम वाकडं असतं," ते म्हणाले, "तिघं जुळवून घेतात." मागचे दोन्ही पाय काढून त्यांतला एक मधोमध बसवला, उरलेल्याच्या पाचरी केल्या आणि मोटरच्या धक्क्याने टेबल डुलू नये म्हणून त्या टेबल आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट ठोकल्या. मग टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवून मोटर सुरू केली. एक थेंब सांडला नाही. मी आतोबांना वाकून नमस्कार केला, आणि त्यात थट्टा अजिबात नव्हती.

भिंतीपलीकडे शेजारच्या काकू राहत. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिचे ब्लाउज आत्याच शिवत होती. मुलीला माहेरून द्यायचे अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण काकूंनी आधीच आणून त्यांच्या घरात, आमच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर पूजेला ठेवले होते. एका दुपारी काकू रडतच आल्या. "सकाळी नीट ठेवते, आणि दुपारपर्यंत अन्नपूर्णा पाठ फिरवून बसते. बाळकृष्ण तर पार कडेला, जसा काही घर सोडून निघालाय. देवांनाच हा रिश्ता पसंत नाही बाई. उद्या मुलाकडच्यांना नाही म्हणून कळवून टाकते." आतोबांनी भिंतीवर तळहात टेकवला आणि पाचरी चाचपल्या.

खरं सांगावं तर पाचरी काढाव्या लागणार आणि आत्याचं शिवणं थांबणार. न सांगावं तर पोरीचं लग्न मोडणार. त्यांनी आत्याकडे पाहिलं. तिने नुसती सांगा म्हणून मान डोलावली. मग ते काकूंना आणि मला घेऊन पलीकडे गेले आणि आत्याने इकडे मोटर सुरू केली. आमच्या डोळ्यांदेखत अन्नपूर्णा हळूहळू वळली. "वहिनी, देव नाही हो फिरले," आतोबा म्हणाले. "मी फिरवले." त्यांना चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. काकू आणखी रडल्या, मग डोळे पुसत हसल्या.

पाचरी त्याच संध्याकाळी निघाल्या. टेबल पुन्हा डुलायला लागलं, आणि चौथ्या पायाचे तर तुकडे झालेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आतोबा उशी घेऊन आले आणि पाचरींच्या जागी, टेबलामागे जमिनीवर, टेबलाला पाठ लावून बसले. लग्नाचे ब्लाउज असे पुरे झाले. मुलगी सासरी गेली, तरी त्यांचं बसणं सुटलं नाही. दुपारची झोप गेली. नवं टेबल आणू म्हटलं तर अंगावर येत. थोड्या थोड्या वेळाने आत्या मशीन थांबवून विचारी, "थकलात का?" ते म्हणत, "चालू दे." इतका स्थिर माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

आतोबा गेल्यावर आम्ही आत्याला सुताराकडून भक्कम टेबल करून दिलं. पुढे एकदा गेलो तेव्हा ती शिवत होती. मधेच तिने मोटर बंद केली आणि तशीच बसून राहिली. मी विचारलं, "काय गं आत्या, बिघडलं का काही?"

"नाही रे, टेबल एकदम मजबूत आहे," ती म्हणाली. "विचारायला थांबते. सवय लागलीय."