आमच्या तांड्यात शिला नावाची कोणी नाही

हिंगोलीकडच्या गोरेगावहून येणाऱ्या जीपमधून उतरलं, की अर्धा कोस चालल्यावर आमचा तांडा लागतो. पस्तीस घरं, भोवती हळदीची रानं आणि बरोबर मधोमध एक हातपंप. हा पंप मधोमध कसा आला, हे पंचवीस वर्षं दोनच माणसांना ठाऊक होतं. पण आधी शिलाची गोष्ट.

शिला हिरासिंग चव्हाण. हिरासिंग आता नाहीत. घरी मिराबाई असते, तिची याडी, म्हणजे आई. शिला हिंगोलीला शिकली, पुण्याला शिकली आणि मुंबईच्या एका गुंतवणूक बँकेत लागली. तांड्याला बँक म्हणजे खिडकी आणि शिक्का. "लेक कोणत्या खिडकीला बसती?" असं मिराबाईला कोणीही विचारायचं. ती खिडकीला बसत नव्हतीच. कोणत्या कंपनीनं कुठं कारखाना काढावा, भांडवल कुठून उभं करावं, कोणी कोणाला विकत घ्यावं, हे ती बड्या मालकांना सांगायची आणि मालक लिहून घ्यायचे. अशी अकरा वर्षं गेली.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत तिचा फोन आला. आवाज असा, की मिराबाईनं फोन कानापासून लांब धरला.

"याडी, बँक सोडून राहिले! सरकारच्या आर्थिक सल्लागारांत माझी निवड झाली! पाणी, रस्ते, गोदामं आधी कुठं व्हावीत, ते सांगायचं काम!"

"पगार वाढला आसंल."

"कमी झाला."

"मंग काहून?"

"मालकांना सांगून झालं. आता सरकारला सांगून बघते."

"सरकार ऐकतं का गं?"

"मला शिकायला धाडायचं तू ऐकलंस ना शेवटी? मंग सरकारची काय बिशाद!"

मिराबाई इतकी हसली की शेजारणी गोळा झाल्या. त्या दिवसापासून तांड्यात दुसरा विषय नव्हता. आमची पोरगी सरकारला शिकवणार!

पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी, मोटारसायकलवर पोलिस जमादार आला.

"शिला हिरासिंग चव्हाण इथलीच ना?"

आमच्या तांड्याची एक जुनी रीत आहे. पणजोबांच्या काळी मुलखात कुठंही चोरी झाली की घोडेस्वार आधी तांड्यावर यायचे. तेव्हापासून खाकीनं एखादं नाव घेतलं, की ते नाव आम्ही कधी ऐकलेलंच नसतं. हे कोणी शिकवत नाही. लेकरू चालायला लागतं, तसंच हेही येतं.

थावरा नाईक, तांड्याचे प्रमुख, ऐंशीच्या घरातले. हळदीच्या कढईखाली जाळ सारत ते म्हणाले, "ह्या नावाचं कोणी न्हाई."

जमादार घरोघर फिरला. जो तो तेच सांगे. शेवटी तो मिराबाईच्या दारी गेला. तिनं भिंतीवरच्या शिलाच्या फोटोवर ओढणी टाकली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मला लेकच न्हाई, साहेब."

जमादार लिहून घेऊन गेला. साऱ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. मिराबाईनं धापा टाकत फोन लावला.

"पोरी, पोलिस आले होते! आमी काई सांगितलं न्हाई. तू कुठंतरी लपून बस!"

पलीकडून किंकाळीच आली.

"याडी! त्यांना सरकारनंच पाठवलं होतं! नेमणुकीआधी माझी चौकशी करायला! उद्या अहवाल गेला न्हाई तर जागा दुसऱ्याला जाईल!"

शुक्रवारी सकाळी कढया तशाच टाकून सारा तांडा टेंपोत चढला. ठाण्याच्या आवारात माणूस मावेना.

"काल एकालाही ती ओळखीची नव्हती," जमादार कपाळाला हात लावून म्हणाला. "आज एवढे कुठून उगवले? खोटं काल बोलले का आज बोलून राहिले?"

"काल," थावरा नाईक म्हणाले.

ठाण्याचे तरुण साहेब गालात हसले. त्यांनी नाईकांना समोर बसवलं. "शिलानं कधी काही गुन्हा केलाय?"

नाईकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "आज खोटं बोलणार न्हाई, साहेब. केलाय."

दारात उभ्या मिराबाईनं चौकट गच्च धरली. "नाईक, काय बोलून राहिले तुमी?"

"बोलू दे. दहा वर्षांची होती तव्हा तांड्याला हातपंप मंजूर झाला. दोन जागी पाणी लागंल आसं निघालं, दोन्हीकडं चुन्याची खूण केली. मी माझ्या दारची जागा धरली. हिनं डोक्यावर घागर घेऊन घराघरापासून पावलं मोजली आन् बैठकीत उभी राहिली. म्हणे, नाईकाची जागा सत्तावीस घरांना लांब पडती. आमी हसलो. सकाळी बोअरची गाडी आली, तर माझ्या दारची खूण गायब! एकच उरली, मधली. पोरीचे तळपाय चुन्यानं पांढरे. मी एकट्यानंच पाहिले. सरकारी काम बदललं तिनं. लिहा."

"तक्रार का दिली नाही?"

"मधल्या जागी पाणी चांगलं लागलं. बायका घागर भरून लवकर घरी येऊ लागल्या. आन् माझी म्हातारी म्हणाली, दारातला चिखल टळला, बरं झालं."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. रुमालाआडूनच ते म्हणाले, "जमादार, लिहा. गुन्हा नोंद नाही. चाल-चलन उत्तम."

मग मिराबाई पुढं झाली.

"कालचा कागद फाडा, साहेब."

"सरकारी कागद फाडता येत नाही, मावशी."

"मंग आज दोनदा लिहा."

जमादारानं साहेबांकडं पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. जमादार मोठ्यानं वाचत लिहू लागला, "सदर शिला ही माझी मुलगी आहे. माझीच मुलगी आहे."

त्यानं संगणकावरून अहवाल पाठवला आणि म्हणाला, "गेला!"

परतीच्या टेंपोत शिलाचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. सोमवारी हजर व्हायचं पक्कं झालं, एवढंच कळलं. होळीला आठ दिवस होते, तरी बायकांनी तिथंच लेंगी, म्हणजे होळीची गाणी, धरली. पहिला सूर मिराबाईचा होता.