बोळवण राहिलेला अल्बम

माझी आई धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीला एक गाणं लागतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. भटजी येतो, मंत्र म्हणतो, घड्याळ बघतो आणि पुढच्या लग्नाला पळतो. आई मात्र मांडवात बसून असते. राई, मुर्धा, मोर्वा या गावांत तिने किती लग्नं लावली, ते तिलाही सांगता येणार नाही. मला तिच्यातलं काही आलं नाही. मी बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. हळदीला लोकांना नाचवणं हे माझं काम, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

पहिला धवला आवतानाचा. त्यात गावदेवीला बोलावतात, कुलदैवताला बोलावतात आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. लग्नाला या, पोरांना आशीर्वाद द्या. नाव सुटलं तर ते माणूस रुसतं, म्हणून धवलारीण घरच्यांना आधी विचारून घेते. शेवटचा धवला बोळवणीचा. आलात, जेवलात, नवरानवरी पाहिलीत, आता आपापल्या जागी सुखाने जा, असं त्याच माणसांना परत नावं घेऊन सांगायचं. आईचा नियम एकच, ज्याला बोलावलं त्याला पोचवल्याशिवाय उठायचं नाही. एका लग्नात दोन्हीकडची मंडळी मानपानावरून भांडून निघून गेली, तरी ही बाई रिकाम्या मांडवात एकटी बसली आणि बोळवण म्हणूनच घरी आली. तेव्हा आम्ही भावाभावांनी तिची भरपूर चेष्टा केली होती.

तीन-चार वर्षांपूर्वी भाईंदर पश्चिमेला माझ्या ओळखीच्या एका संगीत संयोजकाकडे एक मोठं काम आलं. एक गायिका, जिची गाणी माझ्या मुलीच्या फोनवर दिवसभर चालू असायची, नवा अल्बम करत होती. नऊ गाण्यांचं मिळून एकच लग्न. पहिलं गाणं हळदीचं आणि शेवटचं वरातीचं. अल्बमच्या सुरुवातीला तिला खऱ्या धवलारिणीचा आवाज हवा होता. संयोजकाने मला विचारलं आणि मी तिथल्या तिथे हो म्हणून बसलो.

आई नाही म्हणाली. लग्न नाही, मांडव नाही, तर आवतान कसं द्यायचं, हा तिचा साधा प्रश्न होता. मी आठ दिवस तिच्यामागे भुणभुण लावली. तुझ्यानंतर हे कोण गाणार, रेकॉर्ड झालं तर टिकेल, पोरीबाळी शिकतील, असं बरंच काही बोललो. त्यात खोटं काही नव्हतं. पण खरं कारण असं, की अल्बमवर कीबोर्डला मी असणार होतो, आणि आयुष्यभर हळदीत वाजवणाऱ्या माणसाला त्याचा मोह पडला.

ती गायिका राईला आमच्या घरी आली. आईच्या पाया पडली, तांदळाची भाकरी आणि सुकट बोटं चाटत खाल्ली. तिच्यावर राग धरावा असं तिने काही केलं नाही, हीच माझी अडचण आहे. आई नऊवारी नेसली होती. संयोजकाच्या माणसांनी खिडक्यांना गाद्या लावून बाहेरचा आवाज बंद केला, माइक लावला आणि सुरू करा म्हणाले. आईने विचारलं, "लगीन कोनाच्या घरचा?" सगळे हसले. मी घाईत होतो. मी म्हणालो, "आपल्याच घरचं समज."

तिने तसंच धरलं. देवांना बोलावून झाल्यावर तिने आमच्याच घरची माणसं घेतली. आजा, आजी, माझे वडील आणि सगळ्यांत शेवटी माझा धाकटा भाऊ. तो काशीमिऱ्याजवळ मोटरसायकलवरून पडून गेला, तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. लग्न व्हायचं होतं त्याचं. त्याच्या नावापाशी आईचा आवाज चिरकला. गायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. संयोजकाने माझ्याकडे बघून खुशीत अंगठा उंचावला. आईने मग सगळे धवले म्हटले आणि बोळवणही म्हटली, घाम पुसत, शेवटपर्यंत.

अल्बम निघाला आणि असा चालला की बोलायची सोय नाही. किती कोटी लोकांनी ऐकला याचे आकडे मुलगी रोज सकाळी चहाबरोबर वाचून दाखवायची. स्टेशनबाहेर गायिकेचा मुंडावळ्या बांधलेला फोटो लागला. गावात मी कॉलर ताठ करून फिरायचो.

आईने तो पहिल्यांदा रिक्षात ऐकला. रिक्षावाला तिला म्हणाला, "अम्मा, ये गाना बहुत चल रहा है." घरी आल्यावर तिने नातीला सगळा अल्बम लावायला सांगितला आणि नऊच्या नऊ गाणी हात मांडीवर ठेवून ऐकली. वरातीचं गाणं संपलं तरी ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "म्होरं?" मुलगी म्हणाली, संपलं, आजी. बोळवण लांबलचक होती, संथ होती. वरातीवर धमाल करून अल्बम संपवायचा होता, त्यामुळे ती कापली. मला हे माहीत होतं. मी तिला सांगितलं नव्हतं.

"मंग ती सगली हायत कुठं?" आई म्हणाली.

मला हसू आलं होतं, हे लिहायला हवं.

पण पुढे हसण्यासारखं काही राहिलं नाही. पहिल्या गाण्यातला लोकांना आवडलेला तुकडा नेमका तो होता, जिथे आईचा आवाज चिरकतो. संयोजकाने तो तीनदा उचलून तालावर टाकला होता. म्हणजे माझ्या भावाचं नाव तीनदा, आणि मग ढोल. त्याच्यावर पोरंपोरी रील करायची, नावाला हात वर करून कुणाला तरी जवळ बोलावल्यासारखं करायची. घरासमोरच्या सोसायटीत गुजराती शेजाऱ्यांनी नवरात्रात त्याच्यावर गरबा केला. त्यांचं काय चुकलं? ते नाव कुणाचं हे त्यांना कुठे ठाऊक होतं. आई खिडकीत उभी राहून पुटपुटत बोळवण म्हणायची. ती अर्ध्यात येईपर्यंत तिकडे गाणं पुन्हा पहिल्यापासून लागायचं. बाजारात, दवाखान्यात, भाजीच्या गाडीशी, जिथे ते वाजेल तिथे ती थांबायची आणि त्या गेलेल्या माणसांना परत पाठवायला लागायची. लोक म्हातारी चळली म्हणू लागले. आणि मी? हळदीत त्याच गाण्याची फर्माईश यायची. मी वाजवायचो. माझ्या भावाच्या नावावर दोनशे माणसं नाचायची आणि मी त्यांना ठेका द्यायचो.

अल्बम काढणाऱ्या कंपनीने यशाचा सोहळा केला, आईला शाल घातली. तिथे आईने गायिकेचा हात धरून सांगितलं, की शेवटचा धवला तेवढा लाव. ती सगळं नीट ऐकून घेत होती. विचारते म्हणाली. महिन्याभराने तिने स्वतः फोन केला आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, की अल्बम आता तिच्या हातात नाही, कंपनी त्याला हात लावू देत नाही. मी आईला म्हटलं, बघू, पुढच्या वेळी लावतील. आईने मान हलवली. त्यानंतर ती कुणाच्या लग्नाला गेली नाही. लुगडं-नारळ घेऊन लग्नाला बोलवायला आलेल्या बायकांना, आवाज गेला म्हणून सांगायची.

यंदा माझ्या मुलीचं लग्न झालं. गोडदेवचा हॉल, सकाळचा मुहूर्त. मुलीने डीजेवाल्याला आधीच बजावलं होतं, त्या अल्बममधलं एकही गाणं नको. आई गाईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती आली, भिंतीला टेकून बसली आणि तिने आवतान सुरू केलं. आवाज कुठे गेला नव्हता. गावदेवी आली, कुलदैवत आलं, आजा-आजी आले, वडील आले. वडिलांच्या नावानंतर आई थांबली आणि सरळ पुढची ओळ म्हणाली. तिच्यामागे ओळी झेलणाऱ्या बायका गोंधळल्या. माझ्या आत्याने वाकून तिच्या कानात सांगितलं, की धाकट्याचं नाव राहिलं.

आईने गाणं मोडलं नाही. फक्त श्वास घेतला तेवढ्यात म्हणाली, "पोर दमलाय माजा. त्याला नको बोलवू."

माझ्या मुलीच्या लग्नाला तिचा काका आला नाही. गाणाऱ्या बायका सोडल्या तर तिथे बसलेल्या कुणालाही ते कळलं नाही. मी समोरच पाटावर होतो, हातात सुपारी धरून. त्याला मी तरी हाक मारावी असं फार वाटलं. पण कुठल्या तोंडाने मारणार?