राणी, छक्की, तिर्री

साडूभाऊंवर सूड उगवायचा, हे एकच काम मी आयुष्यात मनापासून केलंय. बाकी नोकरी, व्यायाम, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करणं, हे सगळं कुणीतरी मागे लागलं म्हणून.

साडूभाऊ राहणार कॅनडातल्या वॉनचे. एका दिवाळीत त्यांच्या बेसमेंटमध्ये तीन पत्ती रंगली होती. माझ्या हातात तिन्ही पत्ते इस्पिकचे, म्हणजे कलर, वर राजा. साडूभाऊ ब्लाइंड खेळत होते, म्हणजे स्वतःचे पत्ते न उचलता. पण दर वेळी बोली वाढवताना ते काजू चघळत माझ्याकडे असे काही प्रेमाने बघायचे, की माझा धीर सुटला आणि मी पॅक केलं, म्हणजे पत्ते टाकून दिले. त्यांनी पत्ते उलटले. नव्वी, पंजी, दुर्री. नुसता कचरा.

तेव्हापासून बारसं असो, गणपती असो, नाहीतर कुणाचं रिटायरमेंट पॉटलक, साडूभाऊ ताटली खाली ठेवून सुरू करायचे, "आमचे हे साडूबुवा! हातात अख्खा कलर, आणि घाबरले कुणाला? तर मीसुद्धा न बघितलेल्या पत्त्यांना!" मी सगळ्यांच्या आधी हसायचो. आतून मात्र मी त्यांना रोज नायगाऱ्यात ढकलत होतो.

कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या वर्षी लेकीचं लग्न ठरलं. व्याही तिकडे फ्रेंच मुलखातल्या ब्रॉसार्डचे, भारदस्त, दर दोन वाक्यांमागे एक फ्रेंच 'व्हुआला'. मे महिन्यात साखरपुडा. ही पत्त्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली तर मी जन्मभर 'पॅक करणारे व्याही'. लेक म्हणाली, "बाबा, जस्ट लेट इट गो." तिचं ठीक आहे, तिला कुठे साडू आहे.

मग मला शस्त्र सापडलं. कॅसिनोत तीन पत्तीसारखाच एक खेळ असतो, फक्त तिथे तुम्ही एकमेकांशी नाही, डीलरशी खेळता. आधी एक चिप लावायची. पत्ते बघून एकतर सोडायचं, लावलेली चिप गेली. नाहीतर तेवढीच आणखी लावायची. डीलरकडे निदान राणी नसली तर त्याचा हात धरतच नाहीत. पहिल्या चिपेवर एक चिप मिळते, दुसरी नुसती परत. राणी निघाली तर मोठा हात जिंकतो, हरलात तर दोन्ही चिपा गेल्या. शेवटी नफा कॅसिनोचाच, पण कमीत कमी हरायचा एक नियम आहे. राणी-छक्की-चौकी किंवा वरचं असलं तर खेळा, त्याखाली सोडा. डीलरकडे दहातल्या साधारण सात वेळा राणी किंवा वरचं निघतं, म्हणून. आणि मुख्य म्हणजे डीलरला घाबरवता येत नाही. काजू चघळून तर नाहीच.

महिनाभर बायकोला डायनिंग टेबलावर डीलर केलं. कुकरच्या शिट्ट्या मोजत ती पत्ते वाटायची आणि मी पुटपुटायचो, "राणी, छक्की, चौकी."

साडूभाऊंना फोन केला. "नायगाऱ्याला या. दोघांना सारख्या चिप्स, दर हाताला आधी एकच लावायची. बायका धबधबा बघून आल्या की तो शेवटचा हात. मी पुढे असलो तर ती गोष्ट कायमची बंद."

"आणि मी पुढे असलो तर?"

"तर साखरपुड्यात सांगा. माईक मी स्वतः आणून देईन."

"साडूबुवा, माईक चार्ज करून ठेवा."

तो दिवस काय वर्णावा! साडूभाऊ सवयीप्रमाणे पत्ते न बघता चिपा सरकवायचे आणि डीलरबाईंकडे रोखून बघायचे. बाई भाजी निवडावी तशा त्यांच्या चिपा उचलून न्यायच्या. मी नियमाने खेळत होतो, गोड आवाजात विचारत होतो, "साडूभाऊ, काजू मागवू का?"

पण मधेच त्यांना लागोपाठ जोड्या आल्या, न बघता! बायका परत येऊन मागे उभ्या राहिल्या, तेव्हा मी फक्त एका चिपेने पुढे होतो.

शेवटचा हात. साडूभाऊंनी न बघता दुसरी चिप सरकवली. मी पत्ते उचलले. राणी, छक्की, तिर्री.

चौकी नाही. तिर्री. नियम म्हणजे नियम. मी पत्ते सोडले.

"पॅक?" साडूभाऊ इतक्या आनंदाने ओरडले, की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले.

डीलरबाईंनी आपले पत्ते उलटले. वर गुलाम. राणी नाही, म्हणजे हात धरायचा नाही. साडूभाऊंकडे होतं काय, तर अठ्ठी! तरी त्यांना एक चिप मिळाली, माझी एक गेली. ते एका चिपेने पुढे.

गाडीत मी बायकोला नियम समजावत होतो, की सोडणंच बरोबर होतं, गणितच तसं आहे.

"अहो, पण तुम्ही खेळत कुणाशी होतात?" ती म्हणाली. "डीलरशी की भावोजींशी? तुम्ही पुढे होतात ना? मग ते करतील तेच करायचं. दोघंही हरला असतात तरी पुढे तुम्हीच."

हॅमिल्टन येईपर्यंत मी मनात चिपा मोजून पाहिल्या, हिचंच बरोबर होतं. महिनाभर ज्या बाईला नुसते पत्ते वाटायला लावले, तिला एकदा विचारायला हवं होतं.

साखरपुड्यात माईक मी नेऊन दिला. गोष्टीला आता दोन भाग झाले होते. दुसऱ्या भागात तर साडूभाऊंनी माझा चेहरासुद्धा करून दाखवला. व्याही डोळे पुसत उठले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "व्हुआला! दिवाळीला आम्हीपण येणार, वॉनला."

या, जरूर या. मीही तयारीत आहे. आता बायको संध्याकाळी तीन पत्ते वाटते आणि मी ते उचलत नाही. तसेच पालथे ठेवून, काजू चघळत, समोरच्या फ्रीजकडे प्रेमाने बघत राहतो.

काल दोनदा डोकावलो. पण दिवाळीला वेळ आहे.