ठकूला चाटवलेली अफू

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, पोटच्या लेकीलाबी न्हाई. तुला कावून सांगते — ते मला तरी कुठं ठाऊक हाय?

ठकू माझी धाकटी जाऊ. उमापूरला आमच्या घरी नांदायला आली तवा चौदा वर्साची. दीर तिला मारायचा. भाकर करपली म्हणून, न्हाईतर नुस्तंच. एकदा बैलाच्या कासऱ्यानं मारलं, पाठ पार फुटली. ती रडायची, आन् तिच्या रडण्यानं माझं तान्हं उठायचं.

तान्ह्याला आमी समद्या बाया अफू चाटवायचो — मोहरीएवढी — आन् खुशाल रानात जायचो. गावच्या ठेक्यावर उघड मिळायची. एक दिवस तेच बोट मी ठकूच्या तोंडात घातलं. गप झाली. "आक्का, दुखायचं थांबलं," म्हणाली, आन् माझ्या गळ्यात पडली.

मंग रोजच. मोहरीएवढीची जवारीएवढी झाली. अफू माझ्या कनवटीला, म्हणून ठकू माझ्या मुठीत. पायलीभर दळ, मंग देते. शेण काढ, मंग देते. लई बरं वाटायचं मला ते — खोटं कशाला बोलू? एकदा तिनं गोळी चोरली. मी फुकणीनं तोंडावर हाणलं. दात पडला तिचा, रगत चुलीपतोर उडालं.

दोन-तीनदा म्हणाली व्हती, मला जगायचं न्हाई. नशेत बरळती, म्हणून मी हसले. पण नशा उतरल्यावरबी तेच म्हणायची. ऐकलं न्हाई असं न्हाई — ऐकलं व्हतं मी.

त्या सकाळी तिचं अंग थरथरत व्हतं, नाक गळत व्हतं. माझे पाय धरले. मी लाथ मारली. म्हणलं, "मर जा तिकडं, दोन भाकरी वाचतील." गोळी कनवटीला व्हती. व्हती गं.

दुपारी तिला विहिरीतून काढलं. निजाम सरकारचा अमीन, म्हंजी फौजदारच, पोलीस घेऊन आला, ओसरीवर बसला. मी पदर पुढं ओढून सांगितलं — पाणी शेंदताना पाय घसरला पोरीचा. दिरानं मान हलवली. समद्या गावानं हलवली.

पाणी शेंदायचं व्हतंच कुठं? घागरी तिनं पहाटंच काठोकाठ भरून ठेवल्या व्हत्या, गोळी मिळंल म्हणून. अमीनाला तहान लागली तवा तांब्या मी त्यातल्याच एका घागरीत बुडवला.